तांब्याची तार कोणाची?

मागच्या भागात आपण १९९९ च्या दूरसंचार धोरणापर्यंत आलो होतो. ठरावीक परवाना शुल्काऐवजी कंपन्यांनी सरकारला उत्पन्नातला वाटा द्यायचा, असं तेव्हा ठरलं आणि मोबाइल स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. आज मला बोलायचंय ते घरात येणाऱ्या तांब्याच्या तारेबद्दल.

२००४ साली देशात साधारण चार कोटी लँडलाइन होत्या. बहुतेक बीएसएनएलच्या, आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलच्या. या तारेवरून डीएसएल तंत्राने ब्रॉडबँड देता येतं. त्यासाठी रस्ता खणायला नको. तार धड असली आणि एक्स्चेंज फार लांब नसलं, की तिथे एक यंत्र आणि घरात एक मोडेम पुरतो.

म्हणून 'ट्राय'ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एप्रिल २००४ मध्ये शिफारस केली: ही तार इतर कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्या. मालकी सरकारी कंपनीचीच राहील, भाडंही तिलाच मिळेल. ग्राहकाला मात्र निवड मिळेल, दर उतरतील.

ऑक्टोबरमध्ये ब्रॉडबँड धोरण आलं. किमान २५६ केबीपीएस वेग म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या झाली. २०१० पर्यंत दोन कोटी जोडण्यांचं लक्ष्य ठरलं. तार खुली करण्याची सक्ती तेवढी गळाली. कोणाला सोबत घ्यायचं ते या कंपन्यांनीच ठरवावं, असं झालं. आता सांगा, तार ज्याच्या हातात आहे तो ती आपण होऊन स्पर्धकाला कशाला देईल?

बीएसएनएलचीही बाजू होती, ती नाकारून चालणार नाही. खेड्यापाड्यांतले तोट्यातले फोन तीच चालवत होती. पण भाडं योग्य ठरवून हा प्रश्न सोडवता आला असता, असं मला वाटतं.

२०१० संपलं तेव्हा जोडण्या होत्या एक कोटी दहा लाखांच्या आसपास. लक्ष्याच्या निम्म्याहून जरा जास्त.

२०११ मध्ये सरकारने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. २०१६ मध्ये जिओ आलं, मोबाइल डेटाचे दर कोसळले. स्वस्त इंटरनेट मिळालं, पण बहुतेकांना ते तारेतून नाही, टॉवरवरून मिळालं. त्याची किंमत २०२० च्या टाळेबंदीत कळली. शाळा ऑनलाइन गेल्या आणि कितीतरी घरांत दोन-तीन मुलांमध्ये फोन एकच, तोही बाबा कामावरून आल्यावर मिळणारा.