पंधरा पदके, तीन देश : आशियाई स्पर्धेत कबड्डी कशी टिकली?

२३ ऑगस्ट २०१८. जकार्ता. आशियाई क्रीडा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताच्या पुरुष संघाला २७-१८ असे हरवले. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकणारा संघ प्रथमच अंतिम फेरीबाहेर राहिला. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच जिंकला, २७-२४. भारतात या दोन दिवसांची नोंद नामुष्की म्हणून झाली. परंतु कबड्डीचा आशियाई इतिहास पाहिला, तर या पराभवाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. त्यासाठी थोडे मागे जाऊ.

महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हा-डू-डू, तामिळ प्रांतात चेडुगुडु. खेळ एक, नावे अनेक आणि नियम तर गावोगावी निराळे. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई. गामिनीत संपूर्ण संघ बाद होईपर्यंत त्याला बाहेरच बसावे लागे. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजले जात. अशा खेळाचा आंतरप्रांतीय सामना घ्यायचा, तर आधी नियमांवर एकमत हवे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रात आणि बडोद्यात हे काम झाले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम छापले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. या सगळ्या बांधणीत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा वाटा इतका मोठा, की त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

देशात खेळ रुजला होता. आशियाई स्पर्धेत शिरण्याची अट मात्र वेगळी होती: हा खेळ आणखी कोण खेळते?

उत्तर शोधायला संघटक घराबाहेर पडले. १९७४ मध्ये भारतीय संघ नुकत्याच स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात जाऊन पाच कसोटी सामने खेळला. १९७८ मध्ये भिलाई येथे आशियाई महासंघ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी प्रा. सुंदर राम हे दोन महिने जपानमध्ये कबड्डी शिकवीत फिरले. या दौऱ्याचा उल्लेख इतिहासात एका ओळीपलीकडे सहसा येत नाही. वास्तविक ज्या भूमीत ज्युदो आणि सुमो जन्मले, तेथे ‘कबड्डी कबड्डी’ असा दम घुमवीत मध्यरेषा ओलांडायला शिकवणे हे काम काही साधे नव्हते.

१९८० मध्ये कोलकात्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९८२ ची आशियाई क्रीडा स्पर्धा दिल्लीत होती. यजमानपदाचा लाभ घेऊन कबड्डीला स्थान मिळाले, पण ते प्रदर्शनीय खेळाचे, पदक नाही. १९८५ मध्ये ढाक्यातील दक्षिण आशियाई स्पर्धेत तिचा समावेश झाला आणि अखेर १९९० मध्ये बीजिंगला ती पदकाचा खेळ झाली.

येथून खरी अडचण सुरू होते. १९९० ते २००६ या काळात पाच आशियाई स्पर्धा झाल्या. पुरुष कबड्डीत पंधरा पदके दिली गेली आणि ती सर्वच्या सर्व भारत, पाकिस्तान व बांगलादेश यांनी वाटून घेतली. सुवर्ण प्रत्येक वेळी भारताचे. म्हणजे १९४७ पूर्वी जो एकच देश होता, त्याच्या तीन तुकड्यांनी संपूर्ण खंडाच्या स्पर्धेत आपापसांत पदके वाटावीत, असा हा देखावा होता. हिरोशिमा, बँकॉक, बुसान, दोहा... मैदाने बदलली, विजयमंचावरचे ध्वज तेच राहिले. आपण प्रत्येक सुवर्णाचा जल्लोष करीत होतो. परंतु जो खेळ तीनच शेजारी जिंकतात, त्याला खंडाच्या स्पर्धेत जागा का द्यावी, हा प्रश्न त्या प्रत्येक सुवर्णाबरोबर अधिक टोकदार होत होता.

कोंडी फुटली ती ग्वांगझूमध्ये, २०१० साली. पुरुषांत इराणने रौप्य मिळवले. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही संघांना कांस्य मिळाले, त्यांतील एक जपानचे. सुंदर राम यांच्या दौऱ्याला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती. त्याच वर्षी महिला कबड्डीचाही समावेश झाला. पुरुषांनंतर तब्बल वीस वर्षांनी! हा विलंब खेळाच्या हिताच्या दृष्टीनेही अनाकलनीय वाटतो, कारण महिलांच्या पहिल्याच स्पर्धेत थायलंडने रौप्य पटकावले. नव्या देशांसाठी हे दार अधिक लवकर उघडले असते.

इराणची चढण अकस्मात नव्हती. २००४ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ५५-२७ असे लोळवले होते. दहा वर्षांनी, इंचॉनच्या अंतिम सामन्यात, हे अंतर २७-२५ इतके उरले. त्याच २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि इराण व कोरियाचे खेळाडू भारतीय संघांतून भारतीय चढाईपटूंविरुद्ध दरवर्षी खेळू लागले. फजल अत्राचलीच्या पकडी मुंबईच्या प्रेक्षकांनी ‘यू मुंबा’चा गडी म्हणून डोक्यावर घेतल्या, जकार्तात त्याच पकडींनी भारताला रोखले. कोरियाने तर साखळीतच भारताला एका गुणाने हरवले होते.

आणि महिलांच्या त्या विजयी इराणी संघाची प्रशिक्षक कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. सुमारे दीड वर्ष त्यांनी तो संघ घडवला होता. १९७९ मध्ये भारतीय प्रशिक्षक परदेशी गेले ते कोणीतरी खेळावे म्हणून. २०१८ मध्ये त्याच परंपरेतील एक मराठी प्रशिक्षिका भारताला हरवून परतली. संघटकांनी चाळीस वर्षे ज्यासाठी धडपड केली, ते हेच होते. फक्त ते असे दिसेल, याची तयारी कोणाची नव्हती.

अर्थात, खेळ पसरला म्हणजे घडी बसली असे नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझूच्या अंतिम सामन्यात भारत-इराण २८-२८ असे बरोबरीत असताना पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही. जुन्या नियमाने चढाईपटूसह तेही बाद. नव्या नियमाने फक्त चढाईपटू. कोणता नियम लागू, यावर निर्णय फिरत राहिला, खेळाडू मैदानातच ठिय्या देऊन बसले आणि सामना सुमारे तासभर खोळंबला. शेवटी जुना नियम धरून भारताला चार व इराणला एक गुण मिळाला आणि सामना ३३-२९ असा संपला. बडोद्यात नियम छापले गेल्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

त्या स्पर्धेत महिलांचा अंतिम सामना भारताने चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ असा जिंकला; पुरुषांत कांस्य पाकिस्तान आणि चिनी तैपेई यांना मिळाले, तर महिलांत नेपाळ आणि इराणला. बांगलादेशाच्या पुरुष संघाला मात्र २००६ नंतर एकही पदक मिळालेले नाही, आणि कबड्डी हा त्यांचा राष्ट्रीय खेळ आहे. २०२६ च्या आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमात कबड्डी आहे. यजमान शहर नागोया, देश जपान.