क्लोरीनचं माहेर

कर्जत-अलिबागकडच्या फार्महाउसवर पोहण्याचा तलाव सांभाळणाऱ्या माणसाकडे पाणी तपासायची एक छोटी पेटी असते. तिच्यातल्या एका नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, दुसरीत लालसर. या पेटीतलं ज्ञान मात्र तलावाकाठी जन्मलेलं नाही. ते आलं कापड आणि बिअरच्या धंद्यातून.

क्लोरीन वायू पहिल्यांदा मिळवला तो स्वीडनच्या शेलेने, १७७४ मध्ये, मँगनीजच्या खनिजावर मिठाचं आम्ल ओतून. त्याने रंग उडतो हे कळल्यावर फ्रान्सच्या बर्थोलेने तो कापडाकडे वळवला. तोवर तागाचं कापड पांढरं करायचं म्हणजे महिनोन्‌महिने कुरणात पसरून ठेवायचं. वायू हाताळणं जिकिरीचं. म्हणून ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने तो विरवलेल्या चुन्यात मुरवला आणि १७९९ मध्ये त्या पावडरीचं पेटंट घेतलं. खरी कल्पना त्याचा भागीदार मॅकिंटॉश याची होती, असंही म्हणतात, तोच, रेनकोटवाला. हीच आपली ब्लीचिंग पावडर. उष्ण हवेत ती लवकर कमजोर होते, म्हणून जादा चुना घालून टिकाऊ केलेला तिचा प्रकार म्हणजे गावोगावच्या विहिरीत पडणारी टीसीएल.

अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नेमाने घालण्याचं धाडस १९०८ मध्ये जर्सी सिटीला डॉ. जॉन लील यांनी केलं. तेही कुणाची परवानगी न घेता, पाणी कंपनीवर खटला चालू असताना! त्यानंतर दोनेक वर्षांत ब्राउन विद्यापीठाच्या तलावातही क्लोरीन पोचलं.

लाल नळीची गोष्ट वेगळी. ती पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क, ते दाखवते. पीएचचं माप १९०९ मध्ये सोरेनसेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत आणलं. ही प्रयोगशाळा बिअर कारखान्याच्या मालकाने उभारलेली, आणि सोरेनसेन यांचा विषय होता एन्झाइम. पोहण्याशी काडीचा संबंध नाही. पण घरच्या तलावात सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. पिवळी नळी क्लोरीन किती आहे तेवढंच सांगते. ते लढाऊ आहे की सुस्त, हे पीएचवर ठरतं. पीएच ७.२ असेल तर साधारण दोन तृतीयांश क्लोरीन जंतू मारणाऱ्या रूपात असतं. तोच ८ वर गेला की उरतं जेमतेम पाव. मालक म्हणतो, "काल तर टाकलं होतं!" टाकलेलं असतंच, नुसतं पडून असतं. डोळे चुरचुरले, उग्र वास आला की "क्लोरीन फार झालं" म्हणतात, तेही बहुतेकदा चूक. ती चुरचुर आणि तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन येतो.

ब्लीचिंग पावडर आणि लिक्विड क्लोरीन, दोन्ही पीएच चढवतात. मग तो उतरवायला अ‍ॅसिड आणावं लागतं, आणि पंपाच्या खोलीत दोघांचे कॅन शेजारी-शेजारी येतात. एकाच बादलीत दोन्ही ओतले, की शेलेने मुद्दाम काढलेला तोच हिरवट वायू खोलीभर होतो. तो फुप्फुसं जाळतो. म्हणून जाणता माणूस अ‍ॅसिडचा कॅन बाहेर, निराळ्या कपाटात ठेवतो.