यशस्वी रॉक बँडला कलावंत 'रामराम' का ठोकतात?

अमरावती आणि अकोल्यातील महाविद्यालयीन बँडचे आयुष्य बहुधा पदवीच्या वर्षांइतकेच असते. स्नेहसंमेलन, युवा महोत्सव, गणेशोत्सवातील एखादा कार्यक्रम आणि मग नोकरीसाठी पुणे किंवा बंगळूर. गिटारवादक गेला, की बँड संपतो. यामागचे कारण कोणालाही समजते. मात्र नाव, पैसा आणि हजारो श्रोते मिळाल्यावरही कलावंत बँड का सोडतो, हे कोडे चाहत्यांना नेहमीच पडते. रॉक संगीताच्या इतिहासात त्याची काही ठळक कारणे आढळतात.

स्वतःचा सूर

बँड ही सामूहिक निर्मिती असते. गाजलेली गाणी पुन्हा पुन्हा वाजवावी लागतात आणि नव्या कल्पनेला सर्वांची संमती लागते. 1990 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'इंडियन ओशन'चे संस्थापक गिटारवादक सुस्मित सेन 2013 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र संगीतावर लक्ष केंद्रित केले. बँड मात्र नव्या गिटारवादकासह सुरूच राहिला. तमाशाच्या फडातील मुख्य कलावंत बाहेर पडून स्वतःचा फड उभारतो, त्याच जातीची ही प्रेरणा होय.

प्रकृती आणि कुटुंब

अमेरिकेतील 'आर.ई.एम.' या बँडचे ड्रमवादक बिल बेरी 1995 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कार्यक्रम सुरू असतानाच मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने कोसळले. शस्त्रक्रियेनंतर ते परतले. पण 1997 मध्ये त्यांनी बँड सोडला आणि शेतीची वाट धरली. आपल्या जाण्याने बँड मोडू नये, अशी त्यांची अट होती. उरलेल्या तिघांनी 2011 पर्यंत वाटचाल केली. 'जेनेसिस'चे गायक पीटर गॅब्रिएल 1975 मध्ये बाहेर पडले, त्यामागे मतभेदांबरोबरच नवजात कन्येच्या प्रकृतीची काळजीही होती.

सहकाऱ्याची उणीव

पाचगणीच्या शाळेत असताना 'द हेक्टिक्स' बँडमध्ये वाजवणारे फारुख बलसारा पुढे 'क्वीन'चे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजले. 1991 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बास गिटारवादक जॉन डीकन यांचे मन त्या मंचावर फारसे रमले नाही. 1997 नंतर ते सार्वजनिक जीवनातून जवळपास निवृत्तच झाले.

श्रेय, पैसा आणि नाव

गाण्याचे मानधन आणि स्वामित्वधन या दोन वेगळ्या बाबी आहेत. कार्यक्रमाचे पैसे सर्वांत वाटले जातात. परंतु गीतकार आणि संगीतकार म्हणून ज्याची नोंद असते, त्यालाच रचनेचे स्वामित्वधन मिळत राहते. चाल सुचवणाऱ्या वादकाचे नाव गाळले, की असंतोष साचतो. 'आर.ई.एम.'ने चौघांच्या नावे श्रेय देऊन हा वाद टाळला होता. भारतात 2012 च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचे स्वामित्वधनावरील हक्क भक्कम केले.

नावाचाही तंटा होतो. 'पिंक फ्लॉइड'मधून 1985 मध्ये रॉजर वॉटर्स बाहेर पडले. आपल्याशिवाय बँड संपला, असा त्यांचा दावा होता. उरलेल्या सहकाऱ्यांनी तो मानला नाही. प्रकरण न्यायालयाच्या दारी गेले आणि 1987 मध्ये तडजोड होऊन नाव सहकाऱ्यांकडेच राहिले.

अपुरी बाजारपेठ

मुंबईत 1984 मध्ये 'रॉक मशीन' स्थापन झाला. 1993 मध्ये त्याने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी गाणाऱ्या या बँडला देशभर कीर्ती मिळाली. मात्र चित्रपटगीते आणि इंडिपॉपच्या त्या काळात अशा संगीताची बाजारपेठ मर्यादितच होती. 1997 मध्ये बँड विसर्जित झाला आणि गायक उदय बेनेगल यांनी न्यूयॉर्क गाठले. 2010 मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली. 2012 मध्ये त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम प्रसिद्ध झाला.

सोडून जाणे म्हणजे नेहमीच फितुरी नव्हे, हे या उदाहरणांतून दिसते. वऱ्हाडातील होतकरू बँडसाठी त्यात व्यावहारिक धडाही आहे. बँडचे नाव कोणाचे, गाण्याचे श्रेय कोणाला, कोणी बाहेर पडल्यास जुनी गाणी कोण वाजवणार, हे मैत्री शाबूत असतानाच कागदावर उतरवावे. त्याने कोणी थांबेलच असे नाही; पण जाणाऱ्याशी बोलणे तरी तुटणार नाही.