खजिन्याची वाटणी: सभासद बखरीपासून विजयदुर्गापर्यंत

(लांबलचक धागा आहे; सवडीने वाचावा.)

१/
काल्पनिक साहसाच्या खेळात चार-पाच गडी मिळून राक्षसाची गुहा जिंकतात आणि खरा तंटा त्यानंतर सुरू होतो. नाणी मोजून वाटता येतात, पण मंतरलेली तलवार एकच असते. ती कोणी घ्यावी? पुढे कोणत्या वाटेने जायचे हे कोणी ठरवावे? चारकोपच्या गच्च्यांवर असे डाव मांडणाऱ्या तरुण मित्रांसाठी, आणि इतिहासाची गोडी असलेल्या सर्वांसाठी, आजचा हा धागा.

२/
हे प्रश्न खेळापुरते नाहीत. मराठ्यांच्या इतिहासात त्यांना वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे मिळाली. काही उत्तरांनी राज्य उभे केले. एका उत्तराची किंमत मात्र आपल्या आरमाराने मोजली. क्रमाने पाहू.

३/
पहिले उत्तर शिवछत्रपतींचे. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९४ साली जिंजी येथे राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. तीत लष्कराचे नियम दिले आहेत. पावसाळ्यात फौज छावणीत राही. दसऱ्याला मुलुखगिरीस निघे. निघताना लहानथोर प्रत्येकाजवळ कोणती चीजवस्त आहे याची यादी केली जाई.

४/
मोहिमेवरून परतताना मुलखाच्या सरहद्दीवर पुन्हा झडती होई. यादीपेक्षा अधिक निघालेला माल सरकारात जमा होई किंवा त्याची किंमत पगारातून वजा होई. कोणी माल दडवला आणि तो उघडकीस आला, तर शासन ठरलेले असे. सोने, रुपे, जडजवाहीर, उंची कापड हे सारे सरकारचे. शिपायाला लुटीत वाटा नव्हता. त्याला वेतन होते.

५/
या व्यवस्थेचे मर्म ध्यानात घ्यावे. वाटाच नाही, म्हणून वाटणीचे भांडण नाही. लुटीसाठी रांग मोडून पुढे धावण्यात शिपायाचा लाभ नाही, म्हणून फौज हुकमात राहते. परंतु ही सारी इमारत एका खांबावर उभी आहे: वेतन वेळेवर मिळाले पाहिजे. खजिना रिता झाला किंवा मध्यवर्ती सत्ता दुबळी झाली, की हा खांब डगमगतो.

६/
संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या दीर्घ युद्धात नेमके हेच घडले. सरदार स्वबळावर फौजा उभारून लढले. स्वबळावर लढणाऱ्याला नुसते वेतन पुरत नाही. त्याला वाटा हवा असतो. शाहू महाराजांपुढे प्रश्न उभा राहिला तो हा की, या सर्वांना एका दरबाराशी बांधून कसे ठेवावे.

७/
१७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आला. सरदेशमुखी हे छत्रपतींचे वतन ठरले. चौथाईचे मात्र शंभर भाग कल्पावेत: २५ भाग ‘राजबाबती’ छत्रपतींचे, ६ भाग ‘साहोत्रा’ पंत सचिवांचा, ३ भाग ‘नाडगौडा’ महाराजांच्या मर्जीने द्यावयाचा, आणि उरलेले ६६ भाग ‘मोकासा’ म्हणून सरदारांचे.

८/
कागदावर ही वाटणी बिनचूक आहे. बेरीज बरोबर शंभर होते. एकाच प्रांतात अनेकांचे हक्क गुंफल्यामुळे कोणालाही एकट्याने वेगळे होणे अवघड जावे, असाही तिचा परिणाम होता. पण उत्पन्नाची टक्केवारी ठरली, तरी निर्णय कोणी घ्यायचा हे तितक्या काटेकोरपणे ठरले नाही. सरदार जसजसा दूर गेला, तसतसा त्याचा निर्णय त्याचाच झाला. १ जून १७९३ रोजी लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकींवरच तुटून पडल्या. त्यामागे उत्तरेतील वाटणीचा आणि वर्चस्वाचा जुना वाद धुमसत होता.

९/
आता जरा घराजवळ येऊ. आजचे चारकोप ज्या साष्टी बेटावर वसले आहे, तेथे १७३७ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे पडले, १७३९ मध्ये मालाडच्या खाडीच्या मुखावरचा वेसाव्याचा किल्ला (आजचा मढचा किल्ला) पडला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई शरण आली.

१०/
शरणागतीच्या अटी लेखी ठरल्या. शिबंदीला शस्त्रांसह मानाने बाहेर पडू दिले गेले. पण चर्चच्या प्रचंड घंटांचे काय करावे? घंटेचे तुकडे करून वाटले, तर हाती केवळ धातू उरतो. त्या देवस्थानांना गेल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात अशा घंटा आजही पाहता येतात. जी वस्तू वाटता येत नाही, ती कोणा एकाची न करता सर्वांना ऐकू येईल अशा जागी टांगणे, हीही वाटणीचीच एक रीत झाली.

११/
आता या धाग्याचा गाभा: विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६. तुळाजी आंग्रे आणि पेशवे नानासाहेब यांचे हाडवैर होते. १७५५ साली पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तुळाजीविरुद्ध करार केला. त्या वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि तो मराठ्यांच्या हवाली झाला. पुढचे लक्ष्य होते विजयदुर्ग, इंग्रजांच्या कागदांतला ‘घेरिया’.

१२/
मुंबईत तेव्हा दोन मातब्बर पाहुणे होते: राजाच्या आरमाराचा अॅडमिरल वॉट्सन आणि नुकताच विलायतेहून आलेला लेफ्टनंट कर्नल क्लाइव्ह. ताफा निघण्यापूर्वी आरमाराचे आणि भूदलाचे अधिकारी एकत्र बसले. विषय एकच: किल्ला पडला तर लुटीचे वाटे कसे करावेत? किल्ला अजून पडलाही नव्हता.

१३/
ठरले ते असे. एकंदर लुटीच्या आठव्या हिश्श्यापैकी दोन तृतीयांश वॉट्सनला आणि एक तृतीयांश त्याचा दुय्यम अॅडमिरल पोकॉक याला. क्लाइव्हचा वाटा राजाच्या जहाजांच्या कप्तानांइतका. येथे भूदलाचे अधिकारी बिथरले. आमच्या सेनापतीला पोकॉकइतकाच वाटा हवा, असा त्यांनी आग्रह धरला.

१४/
वॉट्सनने नियम बदलण्यास नकार दिला. मात्र क्लाइव्हच्या वाट्यात जितकी तूट येईल तितकी आपल्या पदरची भरून देण्याचे वचन दिले. विजयानंतर त्याने खरोखरच ती रक्कम पाठवली. क्लाइव्हने ती घेतली नाही. आग्रह धरला तो अधिकाऱ्यांच्या समाधानासाठी, वॉट्सनच्या खिशात हात घालण्यासाठी नव्हे, असे त्याचे म्हणणे होते.

१५/
इथवर वाचून कोणालाही वाटेल की वाटणी असावी तर अशी. नियम आधी ठरला, मतभेद उघडपणे मांडला गेला, वडीलधाऱ्याने पदरमोड केली, धाकट्याने मान राखला. पण त्या बैठकीला कोण नव्हते, ते पाहा. ज्यांच्याशी करार झाला होता, त्या मराठ्यांचा एकही प्रतिनिधी तेथे नव्हता.

१६/
१२ फेब्रुवारीच्या दुपारी तोफांचा मारा सुरू झाला. एक गोळा आंग्र्यांच्या ताब्यातील ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. आग लागली, ती शेजारच्या जहाजांना भिडली आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. तुळाजी स्वतः तेव्हा पेशव्यांच्या फौजेच्या तळावर होता. रामाजी महादेव त्याच्याशी बोलणी करीत होता. बोलणी पुरी झाली असती, तर किल्ला थेट मराठ्यांच्या हाती आला असता.

१७/
क्लाइव्हने हे ओळखले. तो फौज घेऊन किनाऱ्यावर उतरला आणि किल्ला व मराठ्यांचा तळ यांच्या मधोमध ठाण मांडून बसला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. इंग्रजांच्याच वृत्तांतानुसार, मराठ्यांची तुकडी दरवाजाशी आली तेव्हा कॅप्टन फोर्ब्सने तलवार उपसून तिला अडवले. दोस्ताला दाराबाहेर उभे करून आत यादी सुरू झाली: दोनशेच्या वर तोफा आणि सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज.

१८/
तो ऐवज मुंबईत ठरलेल्या बरहुकूम इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. किल्लाही लगेच सोडला नाही. नानासाहेबांना तक्रारी कराव्या लागल्या. १२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुण्यास तह झाला, तेव्हा बाणकोट आणि आसपासची काही गावे घेऊन इंग्रजांनी विजयदुर्ग परत केला. खजिना परत आला नाही. जळालेले आरमार तर येणारच नव्हते. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

१९/
इंग्रजांचा कावा सांगून येथे थांबणे सोपे आहे. आपल्या बाजूचा हिशोबही मांडला पाहिजे. घरच्या भांडणात बाहेरचा गडी आणला, पण दरवाजातून आधी आत कोणी जायचे, यादी कोणी करायची, हे मोहिमेपूर्वी त्याच्या समोर बसून पक्के करून घेतले नाही. इंग्रजांनी आपसांत जी दक्षता बाळगली, ती आपण त्यांच्या बाबतीत बाळगली नाही.

२०/
तेव्हा डाव मांडताना तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. खजिना दिसण्यापूर्वी नियम ठरला आहे का? जीव धोक्यात घालणारा प्रत्येक गडी तो ठरवताना हजर होता का? यादी कोणाच्या हाती आहे आणि ती सर्वांना पाहता येते का? शिवकाळी यादी होती. शाहूकाळी टक्केवारी होती. विजयदुर्गी इंग्रजांपाशी पहिल्या प्रश्नाचे चोख उत्तर होते आणि दुसऱ्याचे त्यांना द्यायचेच नव्हते.

२१/
चारकोपकरांना हे परके वाटू नये. १९८५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या योजनेत येथे लहान लहान भूखंड पाडले गेले, त्यांवर कुटुंबांनी घरे बांधली आणि सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. घर ज्याचे त्याचे, अंगण मात्र सामायिक. त्या अंगणात गाडी कोणी लावायची यावरून सर्वसाधारण सभेत होणारा वाद ज्याने ऐकला आहे, त्याला मोकाशाचा तंटा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२२/
जमल्यास वेसाव्याहून होडीने मढला जाऊन किल्ला बाहेरून पाहून या. आणि नाशिकला गेलात, तर नारोशंकराच्या घंटेपाशी घटकाभर थांबा.

लेखनसीमा.