एकशेसत्तावीस दाते

गेल्या वर्षी खंडेनवमीला गोरेगावच्या शेडमध्ये मामांनी लेथला झेंडूची माळ घातली खरी. परंतु चेहऱ्यावर सण नव्हता. लेथ जुना, विलायती, इंची मापाचा. त्याच्या मोठ्या चक्राचे चार दाते उडाले होते. पितळ झाळून ते भरून पाहिले, टिकले नाहीत. चक्र नाही म्हणून मिलिमीटरचे आटे पडत नव्हते, आणि गिऱ्हाइकांचे काम बहुतेक तेच. भंगारवाला दोनदा वजनाचा अंदाज घेऊन गेला होता.

"मास्तर, दाते मोज बघू," मामा म्हणाले. तुटलेल्या जागा धरून १२७ भरले.

"मामा, हा असला आकडा कशाला हो?"

"शाळेत गणित कोण शिकवतो? तू का मी?"

घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिराने लीडस्क्रू आणि बदलती चक्रे यांच्या साह्याने लेथवर एकसारखे आटे पाडण्याची रीत रुळविली. अशी यंत्रे विलायतेतून आपल्याकडे आली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली, आणि १९४१ साली हरिहरला लेथ बनविणारा किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला. मग १९५६ साली संसदेने दशमान वजनमापांचा कायदा केला. बाजारातला शेर गेला, किलो आला. जुन्या लेथचा लीडस्क्रू मात्र इंचातच राहिला.

मामांच्या लीडस्क्रूला इंचात चार आटे आहेत. त्यावर एक मिलिमीटरचा आटा पाडायचा तर स्पिंडलकडे २० आणि लीडस्क्रूवर १२७ दात्यांचे चक्र हवे. कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. १२७ ही मूळ संख्या असल्याने त्याहून लहान चक्राने हिशेब तंतोतंत जुळत नाही.

शेजारच्या कारखान्यात मिलिंग मशीन होते, पण त्याच्या डिव्हायडिंग हेडच्या चकत्यांवर १२७ भाग बसेनात. तेव्हा मामांनी मामींचा शिलाईचा टेप मागितला. टेपच्या एका अंगाला ५० इंच, दुसऱ्या अंगाला १२७ सेंटिमीटर! सुताराकडून सुमारे साडेचाळीस सेंटिमीटर व्यासाची लाकडी चकती आणली. तेवढा टेप तिच्यावर गुंडाळून, टोके नेमकी भिडेपर्यंत कड घासली. ती चकती आणि ओतीव लोखंडाचे कोरे चक्र एकाच दांड्यावर बसविले. काट्याखाली एक सेंटिमीटर सरकवायचा, दांडा आवळायचा, दाता पाडायचा. चकती चक्राहून मोठी, म्हणून खुणेतली चूक चक्रावर उतरताना लहान होते.

शेवटचा दाता पहिल्याला बरोबर येऊन मिळाला, तेव्हा मामांनी चष्मा काढून पुसला.

नरकचतुर्दशीच्या सकाळी भंगारवाला पुन्हा आला. मामांनी त्याला फराळ दिला आणि तसेच परत पाठविले. मामींना नवा टेप मात्र मलाच आणून द्यावा लागला.