थेट दुसरे वर्ष : परभणी जिल्ह्यातील संगणक शिक्षणाची आडवाट

दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घ्यायची आणि तिच्या गुणांवर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळवायचा, या मार्गाला परभणी जिल्ह्यात ‘डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर’ असे म्हणतात. अमेरिकेत 1901 मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झाले आणि त्यातून पुढे कम्युनिटी कॉलेजांची पद्धत वाढली, म्हणजे गावाजवळ दोन वर्षे शिकून उरलेली दोन वर्षे विद्यापीठात पुरी करण्याची सोय झाली. या पद्धतीशी परभणीच्या मार्गाचे साम्य दिसते, पण ते फलापुरतेच आहे, कारण जोलिएटची संस्था विद्यापीठाची पहिली दोन वर्षे शिकवण्यासाठीच निघाली होती, तर आपल्याकडील पदविका पुढे कोठे पोचावे या हेतूने आखलेलीच नव्हती.

पदविकेचा मूळ हेतू माणूस मधल्या जागी उभा करण्याचा होता. इंग्रजी अमदानीतील बांधकाम खात्याला वर अभियंता आणि खाली मजूर यांच्यामध्ये मोजमाप घेणारा, हजेरी पाहणारा आणि नकाशा वाचू शकणारा ओव्हरसियर हवा होता. 1937 च्या ॲबट-वुड अहवालाने तंत्रनिकेतनांची कल्पना पुढे मांडली, तरी पदविकाधारकाची ती मधली पायरी कायम राहिली. वर चढू पाहणाऱ्यासाठी दीर्घकाळ मुख्य वाट होती ती इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या 1920 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या परीक्षांची, जिला बोलण्यात ‘एएमआयई’ म्हणत. नोकरी सांभाळून, रात्री कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून ती पुरी करणाऱ्यांची चिकाटी आजच्या प्रवेशप्रक्रियेच्या चर्चेत क्वचितच आठवली जाते.

मराठवाड्यात ही मधली पायरीदेखील उशिरा आली. निजामाच्या राज्यात अभियांत्रिकीचे महाविद्यालय 1929 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात निघाले, आणि त्या विद्यापीठाच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी मुलासाठी तेथील अंतर केवळ मैलांचे नव्हते. सप्टेंबर 1948 मधील मुक्तीनंतर 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आणि 1960 मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. 1972 मध्ये परभणीच्या वाट्याला आले ते कृषी विद्यापीठ, जे शेतीप्रधान जिल्ह्याला साजेसेच होते, परंतु स्थापत्य, विद्युत किंवा यंत्र शाखेच्या शासकीय पदवीसाठी औरंगाबादला जावे लागे, आणि 1981 नंतर नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे ती वाट निम्म्याहून कमी झाली. 1983 मध्ये दोन घटना लागोपाठ घडल्या : अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, जिने प्रादेशिक ‘अनुशेष’, म्हणजे एका विभागाची राज्याच्या सरासरीपेक्षा असलेली तूट, मोजली आणि त्या मोजमापात तंत्रशिक्षणही धरले. आणि वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पहिलीने तूट दाखवली, दुसरीने ती शुल्क भरू शकणाऱ्यांपुरती भरून काढली, असे म्हणणे कठोर असले तरी चूक नाही.

या पार्श्वभूमीवर शासकीय तंत्रनिकेतनाचे महत्त्व वेगळे ठरते. परभणी जिल्ह्यात ते जिल्ह्याच्या ठिकाणी नसून जिंतूरला, म्हणजे परभणीपासून सुमारे 40 किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी आहे. संगणक शाखा राज्यभर मागणीत आली तेव्हा थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची नियमावली पक्की झालेली होती : दुसऱ्या वर्षी मंजूर जागांच्या ठरावीक प्रमाणात पदविकाधारकांना वाढीव जागा, शिवाय पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या जागा, आणि प्रवेश पदविकेच्या गुणांवर. सीईटी, म्हणजे बारावीनंतरची सामाईक प्रवेश परीक्षा, या वाटेत येत नाही, आणि शिकवणीचा खर्च न झेपणाऱ्या घराला या मार्गाचे आकर्षण वाटते ते मुख्यतः याच कारणाने.

मार्गाची खरी अडचण मात्र अभ्यासक्रमात आहे. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमांना विद्यार्थी अक्षरांनी ओळखतात. त्यांपैकी 2017 पासून लागू झालेल्या ‘आय स्कीम’मध्ये संगणक शाखेचा विद्यार्थी दुसऱ्या सत्रात ‘सी’ ही भाषा, तिसऱ्यात डेटा स्ट्रक्चर, म्हणजे माहिती साठवण्याच्या व शोधण्याच्या रचना, आणि चौथ्यात ‘जावा’ शिके, आणि त्यानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण घेई. गणित मात्र पहिल्या दोन सत्रांतच संपे. पदवीच्या तिसऱ्या सत्रात मात्र गणिताचा तिसरा भाग आधीचे दोन भाग झाले आहेत असे गृहीत धरून सुरू होतो, त्यामुळे प्रोग्राम लिहिण्यात बारावीहून आलेल्या सोबत्याच्या पुढे असलेला विद्यार्थी विकलन-समाकलनात मागे पडतो. बहुतेक पदविकाधारकांचे पहिले अपयश याच विषयात असते, आणि त्याला दुबळी बुद्धी नव्हे, तर दोन मंडळांनी एकमेकांकडे न पाहता आखलेले वेळापत्रक कारणीभूत आहे.

वर्षांचा हिशेब मात्र दोन्ही बाजूंना सारखाच येतो. दहावीनंतर तीन वर्षे पदविका आणि तीन वर्षे पदवी मिळून सहा, तर बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार मिळूनही सहाच. फरक एवढाच की जिंतूरहून निघालेल्याच्या हातात तिसऱ्या वर्षाअखेरीस नोकरीला पुरेसे एक प्रमाणपत्र असते, आणि बारावीवाल्याच्या हातात त्या वेळी पदवीच्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका असते.