नावे सरकेपर्यंत थांबा

ग्रीसमध्ये परदेशी चित्रपट पाहायचा म्हणजे वाचायचा. पडद्यावरचा माणूस त्याच्या भाषेत बोलतो आणि खाली ग्रीक अक्षरे धावतात. पण ज्याला अजून अक्षरओळख नाही, त्या पोराने काय करावे? म्हणून तिथे मुलांच्या कार्टूनना ग्रीक आवाज देतात. जपानी चित्रमालिका याच दाराने ग्रीक घरांत शिरल्या.

त्या कोणती ग्रीक बोलत आल्या, हे मला महत्त्वाचे वाटते. तिथे दोन भाषांचे भांडण जुने. सरकारदरबारी 'काथारेव्हुसा', म्हणजे 'शुद्ध' केलेली भाषा, घरादारात 'दिमोतिकी'. १९६७ ते १९७४च्या लष्करी राजवटीने 'शुद्ध' भाषेचाच आग्रह धरला. १९७६च्या कायद्याने घरची भाषा शाळेत मानाने बसली. त्याच वर्षी जपानमध्ये 'कँडी कँडी' ही एका अनाथ मुलीची ११५ भागांची मालिका सुरू झाली. ही कँडी पुढे ग्रीक मुलांशी बोलली, ती त्यांच्या आयांच्या भाषेत.

हे काम सोपे नाही. कानाला हेडफोन, समोर चित्र. चित्रातले तोंड उघडताच शब्द सुरू आणि मिटताच संपला पाहिजे. जपानी माणूस वाक्याच्या शेवटी 'ने' म्हणतो, आपल्या 'ना?'सारखा. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'होय'! उच्चार तोच, तिकडे विचारणा, इकडे होकार. शिवाय एकच नट आजोबाही होतो आणि खलनायकही. प्राचीन ग्रीक शोकांतिकेत तीनच नट मुखवटे बदलून साऱ्या भूमिका करीत. मुखवटा गेला, रीत राहिली.

श्रोतेहो, आमच्या घरी दक्खनी बोलत. मराठी माझ्या कानात आधी उतरली ती रेडिओवरच्या नभोनाट्यांतून. पुस्तके नंतर आली. कलाकारांची नावे शेवटी सांगत, तोवर मी खेळायला पळालेला असे. आजही कवितेची ओळ मोठ्याने म्हणून पाहतो, तेव्हा ते आवाज माझ्यात बोलतात. नावे मात्र एकही सांगता येत नाही. कँडीबरोबर वाढलेल्या ग्रीक मुलांपैकी कितींना तिच्या आवाजामागचे नाव सांगता येईल?

भाषा देणाऱ्याचे ऋण असे बिननावाचे राहते. नातवंडांबरोबर कार्टून पाहायला बसलात, तर शेवटी नावे सरकेपर्यंत उठू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)